ट्रॅक नको, मुलांना गाऊ दे

«मावशी, मी सांगलीची, वय २६. शाळेत संगीत शिकवते. यंदा पहिल्यांदाच एका उन्हाळी नाट्यशिबिराचं संगीत बालनाट्य बसवायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. २१ दिवसांचं शिबिर, रविवारी सुट्टी, रोज सकाळी आठ ते साडेदहा. मुलं ३४, वयं ६ ते १४. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेऊन मीच ४० मिनिटांचं नाटक लिहिलं, त्यात सात गाणी केली. पाच दिवस झाले आणि मला रात्री झोप येत नाही. गाताना मुलांचा आवाजच निघत नाही, नुसतं पुटपुटतात. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा ‘सा’, मी त्याच पट्टीत शिकवते. म्हातारीचं काम दिलेली नऊ वर्षांची मुलगी खाली बसून सुरेख गाते, उभी राहिली की मुकी होते. वाघाचं काम करणारा तेरा वर्षांचा मुलगा गाताना त्याचा आवाज मध्येच चिरकतो, सगळे हसतात, काल तो आलाच नाही. एक आई रोज येऊन म्हणते, माझी मुलगी तीन वर्षं गाण्याच्या क्लासला जाते, म्हातारी तिलाच द्या. आयोजक दादा म्हणतात, प्रत्येक मुलाला एक तरी वाक्य पाहिजे, आणि गाण्यांची काळजी करू नकोस, स्टुडिओत चांगल्या गायिकेकडून ट्रॅक करून घेऊ, मुलं नुसते ओठ हलवतील. मला ते पटत नाही, पण नाही म्हणायचा धीरही होत नाही. काय करू?»

बाळा,

तुला पटत नाही ना, मग नाही म्हण. आजच म्हण, कारण एकदा स्टुडिओचे पैसे दिले गेले की दादांना माघार घेणं अवघड होईल. मी हे इतक्या ठामपणे सांगतेय त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी स्वतः एका शिबिराचं नाटक ट्रॅकवर बसवलं होतं. मुलांनी इतका सराव केला होता की एकही ओठ मागेपुढे होत नव्हता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. प्रयोगात तिसऱ्या गाण्याच्या मध्यात ट्रॅक बंद पडला. तीस मुलं शांततेत ओठ हलवत राहिली. एकाच्याही तोंडून शब्द बाहेर आला नाही. गाणं त्यांना पाठ होतं, पण आवाज काढायचा नाही हे मीच त्यांना पंधरा दिवस शिकवलं होतं. प्रेक्षक हसले. ती मुलं चुकली नव्हती, ती मी सांगितलं तेच करत होती. त्या दिवसापासून मी ट्रॅकला हात लावलेला नाही.

दादा कदाचित मधला मार्ग सुचवतील, की नुसत्या वाद्यांचा ट्रॅक घेऊ आणि त्यावर मुलं गातील. तोही घेऊ नकोस. भोपळा विंगेत अडकतो, एखादी खार एन्ट्री विसरते, सहा वर्षांचा ससा प्रेक्षकांत आजी दिसली म्हणून हात हलवत बसतो. पेटीवाला अशा वेळी तीच ओळ आणखी दोनदा वाजवतो आणि मुलांची वाट बघतो. ट्रॅक थांबत नाही. मग मुलं गाण्याच्या मागे धावायला लागतात आणि त्यांचं सगळं लक्ष नाटकातून उडतं. एक पेटी, एक ढोलकी, झांजा आणि मुलांच्या हातातले खुळखुळे एवढं तुला पुष्कळ झालं.

आता मुलं पुटपुटतात त्याबद्दल. हा लाजरेपणा नाही, त्यात चूक तुझ्या पट्टीची आहे. काळी चार बाईच्या गळ्याला सोयीची, पण तिथल्या षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, आणि त्याच्या खाली लहान मुलाच्या गळ्यात आवाज उरतच नाही. आठ-दहा वर्षांचं मूल आरामात गातं ते साधारण पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत. तुझ्या गाण्यांचे मुखडे षड्जाच्या आसपास घोटाळत असणार, म्हणजे मुलांसाठी ते जमिनीखाली गेले. उद्या सकाळी चार पट्ट्या वर चढव, षड्ज पांढरी एकला घे आणि तेच गाणं म्हणायला लाव. फरक तुला पहिल्या ओळीतच ऐकू येईल. तुला स्वतःला ते उंच पडेल, पण तू गायचंच नाहीयेस. एखादा अंतरा वरच्या गंधार-पंचमापर्यंत जात असेल तर तो काढून टाक, नाहीतर मुलं किंचाळतील आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे घसे बसतील.

चाली सोप्या कर. तू संगीताची शिक्षिका आहेस, तेव्हा चाल जरा वळणाची करायचा मोह तुला होणारच. भोंडल्याची गाणी आठव. चार-पाच स्वरांत फिरणारी, एकीने विचारायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, ओळ पुन्हा पुन्हा येणारी. अंगणात फेर धरून फिरताना दम लागलेल्या मुलींना म्हणता यावीत अशीच ती घडलेली आहेत. तुला नेमकं तेच हवंय, कारण तुझी मुलंही उड्या मारत गाणार आहेत. रोज सुरुवातीला पाच मिनिटं तोंड मिटून नुसता ‘म्’चा हुंकार, मग ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यांत राळे मिसळले’ आधी सावकाश, मग भरभर. ‘मोठ्यांदा!’ असं ओरडून सांगू नकोस. मोठ्यांदा म्हटलं की मूल गळा आवळतं. त्याऐवजी ‘मागच्या भिंतीवरच्या घड्याळाला ऐकू जाऊ दे’ म्हण.

आता हिशेब मांडू. २१ दिवसांतले तीन रविवार सोडले की १८, त्यातले पाच गेले, १३ उरले. शेवटचे दोन नाट्यगृहात जाणार, म्हणजे हाती ११. रोजच्या अडीच तासांतून पाणी, खाऊ, हजेरी वजा केली तर दोन तास. एकूण २२ तास. एक गाणं शब्द, चाल आणि हालचालींसकट मुलांच्या अंगात मुरायला तीन तास लागतात, हा माझा अनुभव. सात गाण्यांचे २१ तास झाले. मग उरलेल्या एका तासात तू नाटक बसवणार? तीन गाणी काढ. कोणती, ते तुला माहीत आहे. स्वतः लिहिलेलं कापताना जीव तुटतो हेही मला माहीत आहे. तरी काढ. चार गाण्यांचं, पंचवीस-तीस मिनिटांचं नाटक झालं तर ते नीट होईल आणि मुलांना शेवटच्या आठवड्यात खेळायलाही वेळ मिळेल. शिबिर उन्हाळ्याच्या सुट्टीत आहे हे विसरू नकोस.

यापुढचं मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या बहुतेक अडचणींची किल्ली मला त्यात दिसते. जो काम करतो त्यानेच गायचं, हे तू गृहीत धरलं आहेस. ते सोड. तू सांगलीची आहेस म्हणून तुला हे सांगताना मला विशेष आनंद होतोय. १८४३ साली तुझ्याच गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, तेव्हा पदं म्हणायचा तो सूत्रधार, त्याला साथ द्यायला मागे मंडळी, आणि पात्रं पुढे येऊन त्यावर अभिनय करायची, आपली भाषणं करायची. गाणारे वेगळे, नाचणारे वेगळे, आणि दोघं एकाच रंगमंचावर सगळ्यांना दिसतील असे. शाहिराच्या मागे सुरात सूर मिळवणारे झीलकरी उभे असतात, तळकोकणातल्या दशावतारात पेटी-पखवाजाची मंडळी कडेला बसलेली असतात, तीही हीच रीत. ट्रॅकमध्ये आणि यात फरक आहे. इथे आवाज मुलांचाच असतो आणि तो कुठून येतो ते दिसतं.

तेव्हा दहा-बारा मुलांचा गाणारा जथ्था कर. रंगमंचाच्या उजव्या कडेला, पेटीवाल्यांजवळ, दोन बाकांवर त्यांना बसव. ते गोष्ट गातील. उरलेली जंगल होतील, वाघ-अस्वल-कोल्हे होतील, आणि पालुपदाला सगळे ३४ जण मिळून गातील. नाचून दम लागलेल्याला दोन ओळी सोडून द्यायची मुभा दे. जथ्था गात असल्यामुळे गाणं पडणार नाही.

क्लासला जाणाऱ्या त्या मुलीला या जथ्थ्याची पुढारी कर. तिने सूर द्यायचा, ओळ उचलायची, आणि बाकीच्यांनी तिच्या मागून यायचं. ही समजूत काढण्यासाठी दिलेली जागा नव्हे. तीन वर्षं शिकलेल्या गळ्याचा नाटकाला खराखुरा उपयोग इथेच आहे, आणि म्हातारीपेक्षा हे काम अवघड आहे. तिच्या आईलाही असंच सांग. दुसऱ्या मुलीत काय आहे आणि तुमच्या मुलीत काय नाही, या वादात शिरू नकोस. त्यांना एखाद्या शनिवारी शेवटचा अर्धा तास तालमीला बसव. मुलगी सूर देते आणि दहा मुलं तिच्यावर विसंबून गातात, हे डोळ्यांनी बघितल्यावर बहुतेक आया शांत होतात. एखादी होत नाही, तिथे तू नम्रपणे ‘काम ठरलं आहे’ एवढंच म्हणायचं.

आता माझी लाडकी, मुकी होणारी म्हातारी. तिचं काम काढून घेऊ नकोस. तुझ्या गोष्टीतच तिच्यासाठी जागा आहे, तुझ्या लक्षात आलं नाही का? म्हातारी परत येताना भोपळ्यात बसते! तिला भोपळ्यात बसू दे आणि आतून गाऊ दे. कुणाला ती दिसणार नाही, तिलाही कुणी दिसणार नाही, आणि ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ आतून ऐकू येईल. खाली बसून ती सुरेख गाते असं तूच लिहिलंयस, भोपळ्यात ती खालीच बसलेली असेल.

जातानाची म्हातारी दुसऱ्या मुलीला दे, लेकीच्या घरी तूप-रोटी खाऊन धष्टपुष्ट झालेली तिसरीला. एकच हिरवं लुगडं आणि एकच काठी एकीकडून दुसरीकडे गेली की प्रेक्षकांना कळतं. मुलांच्या नाटकात हे कुणालाही खटकत नाही. उलट लुगडं देण्याघेण्याचा क्षण दोन ओळींच्या गाण्यावर सगळ्यांसमोर केलास तर तो बघायला छान वाटेल.

भोपळा थर्माकोलचा करू नकोस, पहिल्याच तालमीत त्याचे तुकडे होतील. बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांच्या कड्या करून घे, त्यावर केशरी सुती कापड ताण, मागची बाजू उघडी ठेव. हवा खेळती राहिली पाहिजे, मे महिना आहे. आत बसवायच्या आधी तिला विचार, अंधाराची भीती वाटते का. वाटत असेल तर समोरच्या कापडाला तिच्या डोळ्यांच्या उंचीवर दोन भोकं पाड. आणि दहा दिवसांनी ती आपण होऊन भोपळ्यातून डोकं बाहेर काढून गायला लागली तर तिला तसं करू दे. नाही काढलं तरी काही बिघडत नाही.

आज संध्याकाळी पहिलं काम कर ते वाघाच्या घरी जायचं. फोन नको, स्वतः जा. त्याला कंठ फुटतोय. या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र मोठं होतं, आतले पडदे लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. काही महिने तो कधी वर, कधी खाली असा दगा देत राहतो. हे त्याला याच शब्दांत सांग. घरात बहुधा कुणी सांगितलेलं नसतं, आणि आपला आवाज कायमचा बिघडला असं या मुलांना मनातून वाटत असतं. दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी बाकीच्या मुलांनाही तेच सांग, रागावून नव्हे, माहिती म्हणून. ‘तुमच्यातल्या सगळ्या मुलग्यांचं हे होणार आहे’ म्हटलं की हसू आपोआप ओसरतं.

मग त्याचं गाणं काढ आणि त्याजागी कटाव लिही. सूर नको, नुसती ढोलकीची लय आणि त्यावर भरभर म्हणायच्या ओळी: वाघ काय काय खातो, कुठे कुठे हिंडतो, म्हातारीची वाट कशी बघतो. चिरकणाऱ्या आवाजाला सूर धरता येत नाही, पण लय उत्तम धरता येते. तो खालचा, नवा आवाज वाघाला किती शोभेल बघ! त्याच्याबरोबर आणखी चार वाघ दे. ते प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘जी जी रं जी’ म्हणतील. पाच वाघांच्या टोळीत एकाचा आवाज चिरकला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दादांचं ‘प्रत्येकाला एक वाक्य’ हे मागणं मायेपोटीच आलेलं आहे, पण त्याने नाटक मरतं. ३४ मुलं रांगेत उभी राहून आपापलं एकेक वाक्य म्हणतात, आणि उरलेला अर्धा तास ती नुसती उभी असतात. त्यांना सांग, प्रत्येकाला वाक्य नाही, प्रत्येकाला काम देते. ज्याच्यावाचून नाटक अडेल असं काम. सहा-सात वर्षांची जी आठ-नऊ पोरं असतील त्यांना जंगल कर. बोटांच्या टिचक्या म्हणजे पावसाचे पहिले थेंब, मांड्यांवर थापट्या म्हणजे सर, लाकडी फळ्यांवर पाय आपटले की गडगडाट. वादळाचा तो सबंध प्रसंग ही पोरं एकही शब्द न बोलता उभा करतील आणि त्यांच्या इशाऱ्याशिवाय भोपळा हलणार नाही. एवढ्या लहानांना अडीच तास ठेवू मात्र नकोस. तासाभराने त्यांना बाहेर सावलीत खेळायला सोड, सोबत एक मोठी ताई दे.

मुंबईत ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या ‘चंद्रशाला’ या मुलांच्या विभागाने ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य मुलांचा भला मोठा ताफा घेऊन केलं. दादांना शंका असेल तर त्यांना त्याची आठवण दे. तिथेही सारी शोभा त्या समूहाची होती.

माइकचं थोडक्यात. कपड्याला लावायचे माइक मागू नकोस, ते महाग पडतात आणि उड्या मारताना खरखरतात. रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली ठेवायचे दोन माइक, जथ्थ्यासमोर दोन, भोपळ्यात एक. पात्रांची बोलणी रंगमंचाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शात ठेव. रंगभूषाही बेताची कर. मे महिन्याच्या घामात वाघाचे पट्टे पहिल्या पाच मिनिटांत गळ्यापर्यंत ओघळतात. डोक्याला कानांची पट्टी आणि मागे शेपूट पुरे.

रंगीत तालमीला पालकांना बोलावू नकोस, पण शेजारच्या शाळेतली किंवा गल्लीतली पंधरा-वीस मुलं बोलाव. मुलांना कंटाळा कुठे येतो ते मुलं लपवत नाहीत. ती जिथे चुळबुळ करतील तिथे प्रयोगाच्या आधी एक-दोन वाक्यं छाटून टाक.

प्रयोगाच्या दिवशी तू विंगेत राहू नकोस. विंगेत दोन मोठ्या मुलांना नेम, एन्ट्री ते सांभाळतील. तू पेटीवाल्यांच्या शेजारी, मुलांना तुझा चेहरा दिसेल अशी बस. तिसरी घंटा झाली की जथ्था तुझ्याकडे बघेल. प्रत्येक गाण्याआधी तू नुसता श्वास घे, मोठा, दिसेल असा. तेही घेतील आणि सगळे एकदम उचलतील. त्यांच्याबरोबर गाऊ नकोस. तू गायलीस की ती तुझ्यावर टेकतात.

आणि पेटीवाले काका ठरवले नसतील तर हे पत्र बाजूला ठेवून आधी त्यांना फोन कर. लग्नसराई आहे, चांगला पेटीवाला आणि ढोलकीवाला शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. प्रयोगाआधी किमान तीन तालमींना येईन असं त्यांच्याकडून कबूल करून घे, आणि त्या तीन दिवसांचं मानधन वेगळं द्यायचं हे दादांना आजच सांगून ठेव. स्टुडिओचे वाचलेले पैसे तिथे लागतील.

तुझी,
मावशी